किल्लीकाका

दक्षिण न्यू जर्सीतल्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरात आमची मराठी शाळा भरते. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं, तर कुणीतरी हे किल्लीकाकांना वाचून दाखवेल आणि ते एवढंच विचारतील, की शब्द किती आहेत.

हॉल मागायला पहिल्यांदा गेले तेव्हा मी पुरी तयारी केली होती. मातृभाषा, पुढची पिढी, नातवंडांना आजीशी बोलता यावं वगैरे. समोर सहा फुटांचे, जरासे वाकलेले, पंचाहत्तरीचे गृहस्थ. मी 'मातृ' म्हणेपर्यंत त्यांचे चार प्रश्न विचारून झाले होते. मुलं किती? खुर्च्या किती? कितीपासून कितीपर्यंत? कॉफीचा मोठा पिंप लागणार का? आम्ही काय शिकवणार हे त्यांनी विचारलंच नाही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने नोंद झाली, 'मॅराथॉन स्कूल'.

त्यानंतरचे दोन महिने चर्चमधल्या आज्या आमच्या पोरांकडे आदराने पाहत. "इतकी लहान आणि इतकं धावतात!" एकीने तर पाण्याच्या बाटल्यांचं अख्खं खोकं आणून दिलं. मी चूक लक्षात आणून दिल्यावर काकांनी खोडरबर काढलं, शांतपणे खोडलं आणि लिहिलं, 'मराठी (मॅराथॉन नव्हे)'. तेव्हापासून दोन्ही शब्द तिथे आहेत.

किल्लीकाका हे नाव मुलांनी ठेवलं. काका दिसण्याआधी ऐकू येतात. पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक किल्लीला चिकटपट्टीचा तुकडा, तुकड्यावर बारीक अक्षर. त्यातल्या दोन किल्ल्यांची कुलपं आता जगात नाहीत. एक ज्या दाराची होती ते दारच काढून टाकलंय. "मग किल्ली का ठेवलीत?" असं मी विचारल्यावर ते म्हणाले, "दार परत लावलं तर?"

थर्मोस्टॅट भिंतीवर एका पारदर्शक डबीत आहे आणि त्या डबीलाही कुलूप आहे. आकडा दिसतो, पण हात पोचत नाही. गर्दीच्या देवळात लांबूनच दर्शन घेतल्यासारखं. हिवाळ्यात तो आकडा ६६ असतो, म्हणजे आपल्या हिशेबाने १९ अंश. जानेवारीत आमची मुलं जाकिटं घालून बाराखडी म्हणतात. एक मात्र कबूल करायला हवं, की एरवी त्यांना न जमणारा 'थ' त्या महिन्यात फार सुरेख निघतो.

ही जात मला नवी नव्हती. गणेश मंडळात पावतीपुस्तकाचं शेवटचं पान मोजून घेणारे, वाचनालयात वर्तमानपत्राला दांडी लावून ठेवणारे, लग्नात पंगतीच्या टोकाला उभं राहून पानं मोजणारे, हे सगळे काकांचेच भाऊबंद. फरक इतकाच, की काकांच्या पाठीशी एक अख्खा धर्मपंथ उभा आहे. मेथडिस्ट हा शब्दच मुळी टिंगलीतून आला. अठराव्या शतकात ऑक्सफर्डला जॉन वेस्ली आणि त्याचे सोबती प्रार्थना, अभ्यास, उपास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी हे सगळं वेळापत्रक लावून करत, म्हणून बाकीचे विद्यार्थी त्यांना चिडवत, 'आले बघा पद्धतशीर!' पुढे टवाळी करणारे विसरले गेले आणि पद्धतशीर जगभर पसरले. वेस्लीला देव भेटला असेल. आमच्या काकांना पद्धत भेटली, आणि ते तेवढ्यावर समाधानी आहेत.

चर्चमध्ये त्यांचा हुद्दा विश्वस्ताचा. पाद्र्याचा मान मोठा, पण मेथडिस्टांत पाद्री बिशप नेमतो आणि तोच त्याला हलवतो. बहुतेक बदल्या १ जुलैला होतात. म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखंच. साहेब येतात, नव्या कल्पना मांडतात, जातात. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे हे हेडक्लार्कला ठाऊक असतं. काकांनी आजवर सहा पाद्री पाहिले. प्रत्येकाचं वर्णन ते एका वाक्यात करतात. "तो दिवे चालू ठेवायचा." "ती दिवे बंद करायची, चांगली होती."

तळघराची किल्ली उपासना संपल्याशिवाय मिळत नाही, म्हणून दर रविवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसते. त्यामुळे काकांच्या सूचना मी न चुकता ऐकल्या आहेत. प्रवचन अठरा मिनिटांचं असतं. आधीच्या पाद्रीणबाईंनी सूचनांना तीन मिनिटांची मर्यादा घातली, तेव्हा काकांनी त्यांचे तीन हप्ते केले. एक भजनाआधी, एक दानपेटी फिरताना आणि एक आशीर्वादानंतर, लोक कोट घालत असताना.

आणि सूचना तरी काय! उपासकाळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी पॅनकेकचं जेवण. सिरप घरून आणू नये. मग ईस्टरच्या लिलींची नोंदणी. मे महिन्यात जुना बाजार. देणगी म्हणून मोडके टोस्टर देऊ नयेत, गेल्या वर्षीचे चार अजून पडून आहेत. जूनमध्ये स्ट्रॉबेरी महोत्सव. ऑगस्टमध्ये मुलांची बायबल-शाळा. ऑक्टोबरात प्राण्यांना आशीर्वाद. सापांची नोंदणी आधी करावी. नोव्हेंबरात कोंबडीच्या पायचं जेवण, त्याची तिकिटं सप्टेंबरातच संपतात. डिसेंबरात हिरवे हार लावायचे, शिड्या कोण आणणार? हे सगळं ते ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात मध्येच, "आपल्या अमक्या बहिणीचं ऑपरेशन गुरुवारी आहे, तिला न्यायला गाडी हवी," असंही सांगतात. त्या वाक्याला चार हात वर होतात. शिड्यांना एकही नाही.

पॉटलकचं जेवण हे त्यांचं पानिपत. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीचं नाव हवंच, कारण जेवण झाल्यावर सारखी दिसणारी सतरा काचेची भांडी उरतात आणि त्यावरून जुन्या मैत्र्या तुटलेल्या काकांनी पाहिल्या आहेत. मी पहिल्यांदा मसालेभात नेला तेव्हा पातेल्याला माझं नाव नव्हतं. मी हात धुऊन येईपर्यंत काकांनी चिकटपट्टी लावून टाकली होती. 'मॅराथॉन'.

त्यांचं आवडतं साल १८६९. त्या साली इथूनच जवळ, व्हाइनलंडला, थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस असा उकळला की तो आंबून दारू होईना. प्रभुभोजनाला वाइन घेणं दारूबंदीवाल्या मेथडिस्टांना पटत नव्हतं, त्याची सोय झाली. पुढे त्याच्या मुलाने त्याचा मोठा धंदा केला. त्याच साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर मेथडिस्टांनी ओशन ग्रोव्ह वसवलं, उन्हाळी प्रार्थनेसाठी तंबूंचं गाव. तंबू अजून आहेत. आणि त्याच साली बॉस्टनमध्ये मेथडिस्ट बायकांनी सोसायटी काढून इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन या दोघींना हिंदुस्थानात धाडलं. काकांच्या डोक्यात या तिन्ही गोष्टी एकाच खात्यावर जमा आहेत. सोय, राहण्याची जागा, प्रवासखर्च.

मीही मागे राहिले नाही. मी जॉर्ज बोवेनचं सांगितलं. हा अमेरिकन मिशनरी १८४८ साली मुंबईत आला, पुढे मेथडिस्ट झाला, १८८८ साली मुंबईतच वारला, आणि मधल्या चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी परतला नाही. कुलाब्यात त्याच्या नावाचं चर्च आहे. काका भारावले. म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षांची रजा शिल्लक!"

एका शनिवारी काकांनी फिलाडेल्फियाची सहल काढली आणि बसमध्ये तीन जागा उरल्या म्हणून आम्हाला घेतलं. फिलाडेल्फिया म्हटलं की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवणारच. पूल ओलांडताना मी त्यांना सांगितलं, की ११ मार्च १८८६ ला आमची पहिली डॉक्टरीण इथे पदवीधर झाली आणि त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. काका ऐकत होते. "बसायला जागा मिळाली का त्यांना?" त्यांनी काळजीने विचारलं.

आम्ही निघालो होतो सेंट जॉर्जेस चर्चला. १७६३ साली जर्मन मंडळींनी ते बांधायला घेतलं, कर्जापायी ते त्यांच्या हातून गेलं आणि १७६९ मध्ये मेथडिस्टांनी घेतलं. १७७१ साली फ्रान्सिस ॲस्बरी अमेरिकेत उतरला तो इथेच पहिल्यांदा बोलला. पुढे घोड्यावरून लाखो मैल फिरून त्याने हा पंथ देशभर नेला. वाटाड्या हे सगळं सांगत होता आणि काका खिडकीतून पुलाकडे पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना. आम्हाला बाहेर रस्त्यावर नेऊन त्यांनी वर बोट केलं. १९२६ मध्ये खुला झालेला हा डेलावेअरवरचा प्रचंड पूल मूळ आराखड्याप्रमाणे थेट या चर्चवरून जाणार होता. मंडळी बिशप नीलींना पुढे करून भांडली आणि पूल सरकला. "चौदा फूट!" काका म्हणाले. मग ते भिंतीपासून पावलं टाकत निघाले. पाच पावलांवर थांबून त्यांनी डांबरावर टाच आपटली. "इथून इथपर्यंत. पुलाला हलवलं!" ॲस्बरीच्या प्रवचनाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. या चौदा फुटांनी आलं.

परत आत आल्यावर वाटाड्याने सज्जा दाखवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या काळ्या सभासदांना एका रविवारी वर पाठवलं गेलं. प्रार्थना सुरू झाली, ते गुडघ्यांवर टेकले, तर जागा चुकली म्हणून अ‍ॅब्सलम जोन्सला एकाने हाताला धरून उठवायला सुरुवात केली. "प्रार्थना संपेपर्यंत थांबा," जोन्स म्हणाला. थांबले नाहीत. प्रार्थना संपली तेव्हा ती सगळी मंडळी एकजुटीने बाहेर पडली आणि परत आली नाही. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलनने १७९४ मध्ये बेथेल चर्च उभं केलं. ते आजही इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. "उठवणारा कोण होता?" आमच्यातल्या एका मुलाने विचारलं. "विश्वस्त," वाटाड्या म्हणाला.

काकांचा जुडगा वाजत होता, तो त्यांनी मुठीत धरला. येताना बसमध्ये त्यांनी डोकी मोजायचं काम माझ्याकडे दिलं.

तर गणपती. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, चतुर्थी २७ ऑगस्टला होती. शाळेचा उत्सव आम्ही त्याच आठवड्यातल्या शनिवारी तळघरात करायचं ठरवलं. चर्चमध्ये मूर्ती आणायची म्हणून मी धर्मशास्त्राची तयारी करून गेले. काकांनी हात वर केला. "ते पाद्रीसाहेब आणि तुम्ही बघा. फरशी मी बघतो." मग त्यांनी कापराच्या ज्योतीची उंची इंचांत विचारली, धुराच्या भोंग्यापासून आठ फुटांवर खडूने फुली मारली आणि गुलाल फक्त कपाळावर, हवेत नाही, असं लिहून घेतलं. मोदकांच्या ताटापुढे चिठ्ठी लागली, 'नारळ आहे. सुकामेवा आहे. मॅराथॉन.'

हॉल चारपर्यंत आमचा होता. चारला काका किल्ली घेऊन दारात उभे राहिले. आरती चालली होती. गणपतीची संपली, काकांनी एक पाऊल पुढे टाकलं, शंकराची सुरू झाली. काका मागे. शंकराची संपली, देवीची. देवीची संपली, विठ्ठलाची. दर वेळी टाळ्या थांबत, काका घड्याळाकडे पाहत, आणि कुणीतरी आजोबा नवीन आरती उचलत. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली. पाचला तिथे दुसऱ्या कुणाचा वाढदिवस होता. मी नजरेनेच माफी मागितली. काकांनी मान हलवली आणि किल्ल्या खिशात घातल्या, आवाज होऊ नये म्हणून. मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत ते भिंतीला टेकून उभे होते.

मग खुर्च्या मोजल्या. एकशेवीसच्या एकशेएकोणीस भरल्या. आम्ही स्वयंपाकघर, जिना, संडाससुद्धा पाहिले. शेवटी एका बाबांचा फोन आला. मखराखाली खुर्ची होती, ती मखरासकट गाडीत गेली होती. काकांनी वही उघडून लिहिलं, 'खुर्च्या ११९. एक गणेश यांच्याकडे.'

"निघताना सगळे ओरडत होते, ते काय?" त्यांनी विचारलं. मी अर्थ सांगितला. पुढच्या वर्षी लवकर या. काकांनी लगेच २०२६ चं कॅलेंडर काढलं. "लवकर म्हणजे कोणती तारीख?"

मी फोनवर पंचांग पाहिलं. अधिक महिना. १४ सप्टेंबर.

"म्हणजे अठरा दिवस उशीर," काका म्हणाले. मी चंद्राचं गणित समजावायला लागले, पण त्यांनी थांबवलं. ईस्टरही वसंतातल्या पौर्णिमेवर हलतो, चाळीस वर्षं त्याच्यामागे धावतोय, मला नका सांगू. मग पेन्सिलीला टोक काढून त्यांनी चौकोन शोधला आणि लिहिलं, 'गणेश (खुर्ची परत आणणार)'.