मांडवीतला फेरफार

"सेव्ह गेलो तर माका सांगू नको, थेट आजीक सांग," एवढं बोलून भाच्याने दिवाळीत आपलं हँडहेल्ड माझ्या हातात ठेवलं. ते अपडेट करून द्यायचं होतं. 'मुंबईचा मामा कॉम्प्युटरमधला आहे' अशी आमच्या कुडाळच्या घरात एक जुनी अंधश्रद्धा आहे. मी हिशेब खात्यात आहे आणि तिथे टेबलावर कॉम्प्युटर आहे, एवढाच तिला आधार. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगाही गेला. यंत्र कपाटात बनियनांच्या घडीखाली सुखरूप होतं. मे महिन्यात एका सकाळी दादरला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो, बॅग वर टाकली, घाम पुसला आणि मग लक्षात आलं की संध्याकाळी कुडाळच्या फलाटावर भाचा उभा असणार.

हाताशी नऊ तास, एक लॅपटॉप, एक कोरं 64 जीबीचं कार्ड आणि आदल्या रात्री घाईघाईत डाउनलोड केलेली नव्या सिस्टीमची फाइल. पुढ्यात कोकण रेल्वेचे एकामागून एक बोगदे.

यंत्राची ओळख करून द्यायला हवी. ॲन्बर्निक नावाच्या चिनी कंपनीचं आरजी-353-पी, 2022 सालचं मॉडेल. साडेतीन इंची पडदा, डावीकडे अधिक चिन्हासारखं बटण, उजवीकडे चार गोल बटणं, खाली दोन काठ्या. आपल्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं काडतूस फुंकर मारून चालू करावं लागे. तसली हजारो काडतुसं यात मावतात आणि फुंकर लागत नाही. लागतं ते अपडेट.

यात एक नाही, दोन सिस्टीम नांदतात. अँड्रॉइड 11 आतल्या 32 जीबीच्या पक्क्या मेमरीत, म्हणजे माजघरात. लिनक्स बाहेरून घातलेल्या कार्डावर, म्हणजे पडवीत. यंत्र चालू करताना पहिल्या खाचेत कार्ड असेल तर लिनक्स उठतो. कार्ड काढलं की अँड्रॉइड जागा होतो आणि घरात आपण एकटेच आहोत अशा थाटात वावरतो. दुसऱ्या खाचेत आणखी एक कार्ड, त्यात गेम्स. ती सामायिक विहीर.

हे मला चटकन समजलं याचं कारण मी त्याच कामाला गावी निघालो होतो. आजोबांच्या घराची वाटणी व्हायची होती. आमच्याकडे माजघरातून भिंत घालायची की ओटीवरून, यावर दोन काका आठ वर्षं बोलत नाहीत. त्या मानाने अँड्रॉइड आणि लिनक्स फार समजूतदार. एकमेकांची तोंडं पाहत नाहीत, पण भांडतही नाहीत.

पनवेलला समोरच्या सीटवर एक काका आले. पांढरा सदरा, रेक्झिनची पिशवी, सत्तरी ओलांडलेली. बसल्याबरोबर त्यांनी पिशवीतून दोन सारख्या ॲल्युमिनियमच्या डब्या काढून खिडकीच्या कडेला मांडल्या. एकीत चुना, दुसरीत लवंगा. रोह्यापर्यंत ते माझ्या मांडीवरचा पसारा मुकाट पाहत होते. मग राहवलं नाही.

"हा रिमोट कसला म्हणायचा?"

मी सांगितलं. दोन सिस्टीम म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे एका घरात दोन चुली. आणि तुम्ही काय करताय?"

"एका चुलीचं अपडेट."

"फेरफार," ते म्हणाले. "मी 31 वर्षं तलाठी होतो. नक्कल काढलीत का?"

"कसली?"

"अहो, फेरफार मारण्याआधी मूळ कागदाची नक्कल काढून ठेवतात. शिवाय हितसंबंधितांना 15 दिवसांची नोटीस. भाच्याला दिलीत?"

नोटीस राहूनच गेली होती. उलट त्यानेच मला दिली होती. पण नक्कल मात्र मी काढायला घेतली.

लिनक्सचं जुनं कार्ड लॅपटॉपच्या खाचेत घातलं, त्यावर काही सेव्ह पडलेत का पाहायला. लगेच पडद्यावर एकामागून एक खिडक्या उघडल्या. एका कार्डाचे तीन-चार ड्राइव्ह दिसायला लागले. एक गुमान उघडला आणि बाकीच्यांनी एकसुरात विचारलं: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? खाली बटण तयार. विंडोजला लिनक्सची ईएक्सटी-4 पद्धतीची मांडणी वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ती कोरी आहे, असा त्याचा निष्कर्ष.

"आमच्याकडे एक कारकून होता," काका पडद्याकडे बघत म्हणाले, "मोडीतला कागद दिसला की विचारायचा, रद्दीत घालू का? फार मन लावून काम करायचा. त्याच्यापासूनच दप्तर सांभाळावं लागे."

मी 'रद्द' दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा रद्द. तेवढ्यात बटाटेवडेवाला आला. त्याला वाट देताना माझं कोपर टचपॅडवर टेकलं आणि बाण सरसरत 'फॉरमॅट'च्या अंगावर जाऊन थांबला. मी श्वास रोखून कार्ड उपटलं. वडे मात्र घेतले.

मग गेम्सचं कार्ड. ते सरळ उघडलं आणि त्यात भाच्याचा तो प्रसिद्ध सेव्ह सापडला. 'पोकेमॉन एमराल्ड', एकूण 140 तास. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या, एक गणपती आणि सहामाही परीक्षेचा आदला आठवडा, एवढं सगळं एका एसआरएम फाइलमध्ये. आकार 128 केबी. मावशीचा रोजचा 'शुभ सकाळ'वाला गुलाब याच्याहून जड असावा. ही गेम कार्डात कुठल्या खरेदीखताने आली, हा प्रश्न काकांनी तलाठी असूनही विचारला नाही. मीही विषय काढला नाही.

शेजारी 'स्टेट' नावाच्याही फायली होत्या. यातला फरक मलाही आदल्या रात्रीच कळला होता. एसआरएम म्हणजे गेमने स्वतः लिहिलेली नोंद. मूळ काडतुसात ती नोंद काडतुसाच्याच मेमरीत राही, इथे ती फाइल झाली. स्टेट म्हणजे त्या क्षणी यंत्राच्या डोक्यात जे काही होतं त्याचा जसाच्या तसा छाप. गेम चालवणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे एम्युलेटरची, आवृत्ती बदलली तर हा छाप उमटेलच असं नाही. नोंद टिकते.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "पंचनामा आणि सातबारा. पंचनामा करणारा बदलला की पंचनाम्याला कोण विचारतो?"

दोन्ही फायली लॅपटॉपवर घेतल्या, वर स्वतःला ईमेलही केल्या. आता कार्ड परत यंत्राच्या दुसऱ्या खाचेत. ही खाच स्प्रिंगची असते. नखाने दाबलं की कार्ड आत बसतं आणि पुन्हा दाबलं की बाहेर येतं. माझं नख दोनदा लागलं. नखाएवढंच ते कार्ड टिचकीने उडालेल्या गोटीसारखं सुटलं आणि दिसेनासं झालं.

पुढची दहा मिनिटं आमच्या खणातली सहा माणसं पाय वर घेऊन बसली होती. मोबाइलचे टॉर्च लागले. सीटखाली शेंगदाण्याची टरफलं, एक हेअरपिन आणि कुणाची तरी खेडपर्यंतची वेटिंग लिस्ट निघाली, कार्ड नाही. मला दरदरून घाम फुटला. आजीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात काका हात धुऊन परतले.

"काय झालं?"

"सेव्हचं कार्ड गेलं!"

"नक्कल आहे ना तुमच्याकडे?"

होती की! दोन ठिकाणी होती. घाबरण्याच्या नादात मी आपला शहाणपणा विसरून गेलो होतो. काकांनी समाधानाने पायावर पाय टाकला आणि त्यांच्या उजव्या चपलेच्या तळाला चिकटलेलं कार्ड सगळ्यांना दिसलं. 140 तास वॉशबेसिनपर्यंत जाऊन आले होते. रुमालाने पुसून, डोळ्यांशी धरून मी ते खाचेत बसवलं.

"तुमच्या हातात असल्या वस्तू ठेवण्यात अर्थ नाही," म्हणत काकांनी एका डबीतल्या लवंगा कागदाच्या पुडीत ओतल्या आणि लिनक्सचं जुनं, 16 जीबीचं कार्ड त्या डबीत बंद करून ती कडेला ठेवली. जुन्या कार्डावर नवं काही लिहायचंच नव्हतं. नवी सिस्टीम नव्या कार्डावर लिहायची आणि ती नाही उठली तर जुनं कार्ड आहे तसं परत घालायचं. पक्क्या मेमरीतल्या अँड्रॉइडला यातलं काही कळणारही नाही. माझ्या योजनेतला हा एक भाग खरोखर हुशारीचा होता, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता फाइल तपासायची. डाउनलोड पूर्ण आणि धड उतरलंय का, हे पाहायला प्रत्येक फाइलची एक खूण असते: आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून 64. फाइलमध्ये एक टिंब हललं तरी ही खूण बदलते.

"म्हणजे ताळा," काका म्हणाले आणि चष्मा लावला. "मी वाचतो, तुम्ही जुळवा. सात. एफ, फोंड्याचा. तीन. डी, देवगडचा. बी, बांद्याचा. ई, इन्सुलीचा..."

सी चिपळूणचा आणि ए आडिवऱ्याचा होता. चौथ्याच जागी माझ्याकडे देवगडऐवजी चिपळूण निघालं. ताळा चुकला. रात्री घाईत घेतलेली फाइल अर्धवट उतरली होती.

मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नव्याने डाउनलोड. रेल्वेने प्रवास करणाऱ्या माणसाने जन्मभर ज्याला शिव्या घातल्या, ते क्रॉसिंग त्या दिवशी मला देवासारखं भेटलं. वीरच्या पुढे मार्ग एकेरी, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत आपण स्टेशनात उभे. गाडी उभी राहिली की टक्के धावायचे, गाडी धावली की टक्के उभे. खेडला 22, चिपळूणला 51. समोरून गाडी आली की बाकीचे हुश्श करत आणि मी मनातल्या मनात तिला म्हणे, थांब ना बाई जरा. उक्षी मागे पडलं तेव्हा 93 टक्के होते आणि समोर करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. आत गेल्यावर एरवी पोरं ओरडतात, त्या दिवशी मीच ओरडलो. अंधारात काकांचा आवाज आला, "अपील फेटाळलं नाही, फक्त तारीख पडली."

रत्नागिरीला 100 झाले. ताळा पुन्हा केला. देवगड जागच्या जागी होतं.

लिहिण्याच्या प्रोग्रामने विचारलं, कुठल्या ड्राइव्हवर लिहू? यादीत दोन नावं, एफ आणि जी. त्यातलं एक नवं कार्ड आणि दुसरा माझा पेनड्राइव्ह, ज्यात घराच्या वाटणीचे सगळे स्कॅन होते. असले प्रोग्राम फार आज्ञाधारक असतात. चुकीचं नाव सांगितलं तर चुकीच्या जागी अगदी चोख काम करून देतात.

"दोन गट शेजारी शेजारी असले की आपला सोडून दुसऱ्याचा मोजणीला आणूच नये," काका म्हणाले. मी पेनड्राइव्ह उपसून खिशात टाकला. यादीत एकच नाव उरलं. गाडी पानवलच्या पुलावर आली, खाली 64 मीटरवर दरी. सगळे खिडकीशी धावले. मी एकटा हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत होतो.

राजापूर रोड आलं. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असतो तिथून गाव बरंच लांब असतं आणि रिक्षा मोजक्या असतात, त्यामुळे काकांची एकदम धांदल उडाली. कडेची एक डबी त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली, दुसरी माझ्या हातात कोंबली. "जपा. मूळ कागद आहे." गाडी हलली तेव्हा नाव विचारायचं राहिलं, हे लक्षात आलं.

नवं कार्ड पहिल्या खाचेत घालून बटण दाबलं. पहिल्यांदा उठताना ही सिस्टीम कार्डावरची मोकळी जागा आपल्या नावावर करून घेते आणि आपणहून पुन्हा चालू होते. हे मला माहीत होतं. तरी मधे जो काळा पडदा येतो तो माहितीने उजळत नाही. वैभववाडीच्या अलीकडे मी तीन नवस बोललो. चौथा बोलणार तोच यादी उमटली, सगळ्या गेम्स जागच्या जागी.

कुडाळला भाचा फलाटावर होता. पाया न पडता त्याने यंत्र घेतलं. पहिल्यांदा स्टेट उघडून पाहिली, ती उघडली नाही. मी आवंढा गिळला.

"स्टेट जातलीच," तो शांतपणे म्हणाला आणि गेममधल्या मेनूतून सेव्ह उघडला. घड्याळ 140 तासांवर उभं होतं. मग पहिल्या खाचेतलं कार्ड काढून पुन्हा बटण दाबलं, अँड्रॉइडही उठला, आपलं सगळं सामानसुमान घेऊन. त्याने एकदा मान हलवली. आमच्या घरात ही शाबासकी समजतात.

"जुना कार्ड खंय आसा?"

"आहे की! मूळ कागद असा कुठेही टाकत नाही आपण." मी ऐटीत डबी काढली, झाकण फिरवलं आणि त्याच्या पुढ्यात धरली.

आत चुना होता. पांढराशुभ्र, ओला, नखाचा ओरखडा असलेला.

त्याच सुमारास राजापुरात एक निवृत्त तलाठी ओटीवर टेकून, पानाला चुना लावायला डबीत बोट घालत असणार.