बदली वाशिमला, नोकरी जर्मनीला

जुलै 2024 मध्ये अख्ख्या महाराष्ट्राला वाशिम ठाऊक झालं. खासगी गाडीवरच्या दिव्यापायी गाजलेल्या एका परिविक्षाधीन आयएएस बाईंची पुण्याहून इथं बदली झाली आणि बातम्यांचा सूर असा, जणू बाईंना अंदमानला धाडलं! आमची पोरं त्या बातम्या मोबाईलवर बघत होती. साहेबलोकांना जिथं येणं शिक्षा वाटतं, तिथंच जन्म काढण्याला यांनी मात्र देशप्रेम म्हणायचं.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे 10 हजार तरुण तिकडे पाठवायचं ठरलं, वर जर्मन भाषा शिकवायचीही तयारी. म्हणजे मंत्र्यांनी पोरं पाठवली तर धोरण, आणि पोरानं आपल्या मनानं पासपोर्ट काढला तर मातीशी बेइमानी.

माती काय देते तेही बघा. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. बाजार समितीत त्याच्या खालीच बोली लागत होती. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी विचारतात, ‘पोरगा पुण्याले हाय का?’ मग विचारतात, वावर किती. वावर पाहिजे, ते कसणारा जावई नको.

खरं तर आमच्या रिसोड-मानोऱ्याच्या पोराचा पहिला परदेश पुणंच. चाकणच्या कंपनीत कंत्राटी काम, एका खोलीत चौघं, सणाला ट्रॅव्हल्सचं तिकीट तिप्पट. (समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, आमच्या वाट्याला त्यातलं जाणंच जास्त आलं.) एकदा घर सुटलं की पुणं काय नि जर्मनीतलं स्टुटगार्ट काय, पुढचं अंतर पगारातच मोजायचं. वर्षाकाठी आईबापाची भेट दोन्हीकडून सारखीच.

‘इथं राहून करू काय?’ असं पोरगं विचारतं, तेव्हा संस्कृतीवर भाषण देणाऱ्यांनी आधी आपली पोरं कुठल्या देशात आहेत ते सांगावं.

आणि पोरांनो, जायचं तर जा. फक्त एजंटाच्या हाती पैसे ठेवण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. बापाचं वावर त्यानंतरच गहाण टाका.