शाल, श्रीफळ आणि ३२ जीबी

माझा फोन लोकांच्या गुड मॉर्निंगनं भरतो, असं मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलो. माझ्या बाजूनं तर साक्षात अमेरिका उभी होती. २०१८च्या जानेवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं बातमी छापली होती की, भारतीयांचे फोन एवढे का तुंबतात याचा छडा लावताना गूगलच्या लोकांना जो गुन्हेगार सापडला, तो म्हणजे सकाळी सकाळी येणारा दवबिंदूवाला गुलाब. भारतात तीन फोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज संपते आणि अमेरिकेत दहांतल्या एकाची, असा वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा आकडाही त्यात होता. ही बातमी मी लगेच सगळ्या ग्रुपांवर पाठवली. स्क्रीनशॉट काढून पाठवली. काही ग्रुपांवर लोकांनी नीट वाचली नसावी अशा शंकेनं दोनदा पाठवली. उत्तरादाखल गुलाब आले.

शेवटी फोननं फोटो काढायलाच नकार दिला, तेव्हा भाच्याला बोलावलं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे कमी बोलतो. त्यानं फोनमध्ये कुठंतरी आत शिरून फायलींची वजनं काढली आणि मान वर न करता म्हणाला, "मामा, गुड मॉर्निंग सगळे मिळून पाऊण जीबी आहेत. बाकीचे तुम्ही आहात."

आता हे 'बाकीचे मी' म्हणजे काय, ते सांगण्याआधी मेमरी कार्डाविषयी दोन शब्द. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा रुंद, एक जाड. वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. शिंक आली तर उडून सोफ्याखाली जातं. माझ्या फोनमध्ये त्याला स्वतंत्र जागा नाही. एकतर दुसरं सिम घाला, नाहीतर कार्ड घाला, असा तो खाचा आहे. मी दुसरं सिम काढून कार्ड घातलं. त्या नंबरावर फक्त आमचे प्राचार्य फोन करत, त्यामुळे निर्णय सोपा गेला.

कार्ड ३२ जीबीचं म्हणून घेतलं होतं. भाच्याच्या कॉम्प्युटरला लावलं तर २९.८ दाखवलं. मी तडक दुकानदाराकडे जाऊन भांडायच्या बेतात होतो, पण भाच्यानं थांबवलं. कार्डवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४च्या पटीत मोजतो, म्हणून दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणजे मापात पाप आहे, पण पापी कोणी नाही. अशी सोय आपल्या रॉकेलवाल्याला मिळाली असती तर त्यानं दोन मजले चढवले असते.

शिवाय, व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारं सगळं फोनच्या पोटात जातं, कार्डावर जात नाही. माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला मात्र मी 'कार्डावर ठेव' असं सांगून ठेवलं होतं. तेव्हा फोन जगानं भरला असेल, पण कार्ड मीच भरलं होतं, यात वादाला जागाच नव्हती. जागा तशीही कशालाच नव्हती.

मी भाषणं करतो. तालुक्याच्या ठिकाणी, वाचनालयांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, क्वचित गणेशोत्सवात आरती आणि ऑर्केस्ट्रा यांच्या मधल्या वेळेत. विषय कोणताही चालतो. आणि जिथं भाषण, तिथं सत्कार.

सत्काराचा फोटो हा अस्सल मराठी कलाप्रकार आहे, आणि आपल्या समीक्षकांनी त्याच्याकडे अक्षम्य दुर्लक्ष केलेलं आहे. त्यात एक नारळ असतो आणि त्याला सात हात असतात. देणाऱ्याचे दोन, घेणाऱ्याचे दोन, अध्यक्षांचा एक, ज्यांनी मंडपाचा खर्च केला त्यांचा एक आणि सातवा कोणाचा ते आजवर एकाही फोटोत उलगडलेलं नाही. समोर तीन जण तीन फोन घेऊन उभे असतात, त्यामुळे पाहुणे डावीकडे बघतात, अध्यक्ष उजवीकडे आणि मी, सवयीनं, वर्तमानपत्राच्या वार्ताहराकडे. चिटणीस मागच्या रांगेत असतात, पण नेमकं क्लिक होताना दोन खांद्यांच्या मधून त्यांची मान उगवते. या कामाला जे टायमिंग लागतं ते पुढच्या रांगेतल्यांना जन्मात जमणार नाही.

मग फोटोग्राफर म्हणतो, "सर, सोडू नका." हे नारळाला उद्देशून असतं. पाहुण्यांनी नारळ द्यायचा, मी घ्यायचा, पण व्यवहार पुरा होऊ द्यायचा नाही. दोघंही हसत हसत नारळ ओढतो आहोत, असा तो क्षण असतो. एका गावात ऐन क्षणी वीज गेली. दहा मिनिटांनी आली, तोवर आम्ही अंधारात नारळ धरून उभे. "साहेब, पुन्हा एकदा द्या," असं फोटोग्राफर म्हणाला, म्हणून मी तो परत केला आणि पुन्हा स्वीकारला. पुन्हा टाळ्या पडल्या. पहिल्यापेक्षा जास्त पडल्या, असं मला वाटलं.

शाल पांघरणारा माणूस नेहमी घाईत असतो. तो ती मागून टाकतो, आणि मी डावीकडून उजवीकडे मोठ्या कौशल्यानं वळवून आणलेले केस शालीच्या वाऱ्यानं उठून उभे राहतात. म्हणून एकाच सत्काराचे अकरा फोटो लागतात. त्या अकरांतून निवड करण्याचा माझा निकष एकच, केस. एका ज्येष्ठ कवींबरोबरचा माझा एक फोटो आहे. त्यात कवींनी एवढी मोठी जांभई दिली आहे की दाढा मोजता याव्यात. पण त्यात माझी हनुवटी एकच दिसते, म्हणून तो मी जपला आहे. समूहाच्या फोटोत माणूस आधी स्वतःलाच शोधतो. आपण बरे आलो असू तर फोटो बरा. मग शेजारच्याचे डोळे मिटलेले असोत, नाहीतर शेजारचा असोच नाही.

शालींचं पुढं काय होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. नारळांचं काय होतं ते मात्र हिनं एकदा भाच्यासमोर सांगितलं. "नारळाच्या मी वड्या केल्या, त्या संपल्या. यांचे फोटो नासतसुद्धा नाहीत."

नासत नाहीत, उलट वितात. मूळ फोटो कार्डावर. तोच वाचनालयाच्या ग्रुपवरून आलेला, फोनमध्ये. तोच चिटणिसांनी खाली स्वतःचं नाव घालून पाठवलेला. तोच मी स्टेटसला ठेवण्यासाठी कडा कापून, म्हणजे अध्यक्ष कापून घेतलेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला की कात्रणाचा फोटो, आणि कात्रण तिरकं आलं म्हणून परत फोटो. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'सेंट' नावाचं एक फोल्डर असतं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर जे जे धाडतो त्याची एक प्रत तिथं गुपचूप जमा होते. गॅलरीत ती दिसत नाही, म्हणून कोणी तिकडे फिरकत नाही. भाच्यानं ते उघडलं. आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए, मग क्रमांक, अशा नावांची रांग लागली आणि प्रत्येक नावाच्या आत मी शाल पांघरून उभा. मामी, मावशी, प्राचार्य, दूधवाला, कोणालाच वगळलेलं नव्हतं. दूधवाल्याला का पाठवला होता ते आता आठवत नाही. त्यानं अंगठा दाखवला होता, एवढं खरं.

भाच्यानं मग कार्ड साफ करणारं एक अ‍ॅप घातलं. ते सगळं चाळून सांगतं की, हे हे निरुपयोगी आहे, पुसू का? मला वाटलं, आता मायेचा एकेक धागा तुटणार. पण अ‍ॅपचं माझ्याविषयी चांगलं मत होतं. चेहरे स्पष्ट, दात दिसताहेत, उजेड भरपूर, तेव्हा सत्काराच्या फोटोंना त्यानं हात लावला नाही. पुसायला काढले ते 'धूसर फोटो'. मी सहज त्यावर बोट ठेवलं.

ते सगळे औषधांच्या स्ट्रिपचे होते.

आईच्या गोळ्या संपत आल्या की औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणायचा, नाव सांगू नका, फोटो पाठवा. मग आई स्ट्रिप धरायची आणि मी फोटो काढायचो. मागच्या चंदेरी कागदावर फ्लॅश चमकायचा, तिचा हात हलायचा, म्हणून एकही धड आला नाही. दुकानदार कात्रीनं मोजून गोळ्या कापून देतात, त्यात नावही कापलं जातं. एका फोटोत नुसतं 'सार्टन' आहे, पुढच्यात 'टेल्मि'. दोन्ही जोडले की टेल्मिसार्टन होतं. आधी वीस, मग चाळीस, मग शेजारी दुसरी स्ट्रिप, मग तिसरी. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात तिचा अंगठा, नखाच्या कडेला हळद. स्वतःचा फोटो काढू द्यायची नाही, पदर आडवा धरायची. इथं मात्र दर महिन्याला विचारायची, "नाव आलं का रे?" गोळीचं. मीही आयुष्यभर दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन हेच विचारत आलो. एका मार्चनंतर स्ट्रिपचे फोटो थांबतात. त्याच्या पुढचा फोटो माझा आहे, जून महिन्यातला, एका शाळेत. केस छान बसलेत.

आणि ते अ‍ॅप विचारत होतं, या निरुपयोगी फोटोंनी एवढे एवढे एमबी व्यापले आहेत, पुसू का? या अ‍ॅपांना हा आगाऊपणा कोण शिकवतं? मागं एकदा फोननं आपणहून 'तुमच्या सुंदर आठवणी' म्हणून सात-आठ फोटो ओवून, मागं पियानो लावून मला सकाळी सकाळी दाखवले होते. त्यात मधोमध एक स्ट्रिप होती. पियानो चालूच. धूसर काय आणि सुंदर काय, हे ठरवायला यांना कोणी बोलावलं होतं? मी चिडलो की कोणावर तरी काढावं लागतं, आणि त्या वेळी समोर मीच होतो, शाल पांघरून, शेकड्यांनी. सगळे सत्कार निवडले आणि पुसून टाकले. भाषणांचे व्हिडिओही. भाचा म्हणाला, "मामा, नक्की?" मी म्हटलं, नक्की. कार्ड अठरा जीबी मोकळं झालं. स्ट्रिप राहिल्या. मला एकदम हलकं, थोर आणि संतासारखं वाटलं, आणि या निरिच्छपणाचा एक फोटो काढून ठेवावा असंही वाटलं.

हा वैराग्याचा झटका गुरुवारपर्यंत टिकला. गुरुवारी एका व्याख्यानमालेच्या चिटणिसांचा फोन आला. चौकात फ्लेक्स लावायचा आहे, संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा. "शालीतला असेल तर उत्तम, सर. भारदस्त वाटतं."

भाचा पुन्हा आला. त्यानं सांगितलं ते असं. कार्डावरून फाइल पुसली म्हणजे ती लगेच जात नाही. चाळीत खालच्या फळ्यावरचं नाव खोडतात, बिऱ्हाड खोलीतच असतं, नवा भाडेकरू सामान घेऊन येईपर्यंत. म्हणून कार्डावर नवं काही उतरलं नसेल तर सॉफ्टवेअरनं खोल्या धुंडाळून जुनी मंडळी बाहेर काढता येतात. मला धीर आला. पण मधल्या दिवसांत मी मोकळ्या जागेच्या आनंदात बाल्कनीतल्या जास्वंदीचे बरेच व्हिडिओ काढले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सर्वांना पाठवलेही होते. भाच्यानं माझ्याकडे फक्त बघितलं.

रात्री उशिरापर्यंत ते सॉफ्टवेअर खरवडत होतं. जे निघालं त्याला नावं नव्हती, नुसते आकडे. बरेच फोटो कपाळापर्यंत मी आणि खाली राखाडी पट्टा. काहींत नारळ शाबूत, माणसं गायब. एकच फोटो पूर्ण होता, आणि तोही दोन फोटोंचे तुकडे जुळून झालेला. भाच्यानं तो मोठा करून बघितला. "मामा, नाकापर्यंत तुम्ही आहात. खाली दुसरं कोणीतरी."

मी निरखून पाहिलं. सांधा अगदी मिशीच्या रेषेवर आला होता, समजूनही येत नव्हता. हनुवटी एकच, रेखीव. शाल भरजरी. हिलाही दाखवला. ती म्हणाली, "बरे दिसताय." लग्नानंतर हे वाक्य फारसं कानावर पडलेलं नाही, त्यामुळे मी पुढं चौकशी केली नाही. चिटणिसांचे दोन फोन येऊन गेले होते. पाठवून दिला.

फ्लेक्स दहा फुटी लागला. तिथून येणारेजाणारे शेकडो, माझे सहकारी, विद्यार्थी, प्राचार्य स्वतः. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. दोघा-तिघांनी तर "सर, तब्येत सुधारली" म्हणून अभिनंदन केलं. तिसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या माजी अध्यक्षांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"सर, मी आत्ता चौकात उभा आहे. फोटो माझा आणि खाली नाव तुमचं, हा काय प्रकार आहे?"

मी म्हटलं, "अध्यक्ष, केस माझे आहेत."