तुम्ही कोणाचे?

मोरिस द्युव्हर्जे नावाचे एक फ्रेंच प्राध्यापक 1951 साली सांगून गेले की, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, अशी पद्धत जिथे असते तिथे शेवटी दोनच पक्ष तग धरतात. तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं, हे लोकांना न शिकवता कळतं. प्राध्यापक मजकूर आमच्या सिन्नर तालुक्यात कधी आले नाहीत. आले असते तर आडव्या फाट्यावर एका कटिंगमध्ये त्यांचा सिद्धान्त दुरुस्त करून मिळाला असता. आमच्याकडे दोन पक्ष नाहीत, दोन गट आहेत. पक्ष येतात, जातात, फुटतात, त्यांची चिन्हं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. गट मात्र जागच्या जागी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी उजळणी. माणिकराव कोकाटे 1999 आणि 2004 ला शिवसेनेकडून आमदार झाले, 2009 ला काँग्रेसकडून. 2014 ला ते भाजपकडून लढले आणि शिवसेनेच्या राजाभाऊ वाजेंकडून हरले. 2019 च्या उन्हाळ्यात लोकसभेला अपक्ष, त्याच वर्षीच्या दिवाळीत राष्ट्रवादीचे आमदार. 2024 ला पुन्हा राष्ट्रवादीच, पण अजित पवारांची. वाजे यांनी मात्र पक्ष बदलला नाही. ते शिवसेनेत बसून राहिले, तर बसल्या जागी शिवसेनाच दुभंगली, आणि 2024 ला ते ठाकरेंच्या शिवसेनेचे खासदार झाले. म्हणजे एकाने पक्ष बदलले आणि दुसऱ्याचा पक्ष बदलला. मतदाराला यात काही गोंधळ झाला असेल, असं समजू नका. त्याला ‘इकडचे’ आणि ‘तिकडचे’ एवढे दोन शब्द पुरतात. मधल्या काळात कोकाटे कृषिमंत्री झाले, सभागृहात मोबाइलवर पत्ते दिसल्याचा व्हिडिओ फिरला, आपण रमी खेळत नव्हतो असं त्यांनी सांगितलं, आणि जुलै 2025 अखेर त्यांचं खातं कृषीवरून क्रीडा झालं. खातेवाटप करणाऱ्याला विनोदबुद्धी नसते, असं कोण म्हणतं?

अशा तालुक्यात मधल्या रस्त्याच्या किंचित डावीकडून चालणारा एक नवा, छोटा, सज्जन पक्ष काढायचा कोणाच्या मनात असेल तर त्याने आधी बसून घ्यावं. पाणी प्यावं. पूर्व भागातला असेल तर टँकरची वाट पाहून प्यावं.

मुद्द्यांची कमतरता नाही. बिडी वळणाऱ्या बायांची मजुरी आहे. माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांतली कंत्राटी पोरं आहेत. गुळवंचला 1350 मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा राहिला आणि वर्षानुवर्षं थंड चूल होऊन बसला. त्याच्या चिमण्या लांबून दिसतात, जमिनी देणाऱ्यांना तर रोज दिसतात. नांदूर शिंगोट्याच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की, अर्थशास्त्र शिकवायला प्राध्यापक लागत नाही. डाव्या विचाराला एवढं सुपीक रान शोधून सापडणार नाही. आणि लाल बावट्याचा मोर्चा निघाला की बाया येतातही, घोषणा देतातही, घसा बसेपर्यंत. मतदानाच्या दिवशी मात्र त्याच बाया ‘इकडे’ किंवा ‘तिकडे’ जातात. मजुरीसाठी बावटा आणि मतासाठी गट, अशी त्यांची कामाची वाटणी आहे. दोन्ही खाती एकाच बँकेत ठेवू नयेत, हे त्यांना अर्थमंत्र्यांपेक्षा चांगलं कळतं.

तिसऱ्याचा प्रयोग झालाच नाही असं नाही. विजय पांढरे आठवतात का? नाशिकच्या ‘मेटा’ या अभियंता प्रशिक्षण संस्थेतले मुख्य अभियंता. सिंचनावर झालेला खर्च आणि त्यातून भिजलेली जमीन यांचा हिशोब लागत नाही, असं त्यांनी 2012 साली सरकारला पत्राने कळवलं. राज्य हललं. सप्टेंबरात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, डिसेंबरात उपमुख्यमंत्री परत आले. त्याच नोव्हेंबरात दिल्लीत आम आदमी पक्ष जन्मला होता. डावं-उजवं आम्ही मानत नाही म्हणणारा, पण तोंड उघडलं की वीज, पाणी, शाळा, दवाखाना बोलणारा. 2014 ला त्याने नाशिकमधून पांढऱ्यांनाच लोकसभेला उभं केलं.

आता बघा योग. पाण्याचा हिशोब मागणारा माणूस, आणि मतदारसंघात पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा सिन्नर तालुका. कादंबरीकाराने असं लिहिलं तर संपादक म्हणेल, फारच जुळवून आणलंय. निकाल लागला तेव्हा शिवसेनेचे हेमंत गोडसे पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी आले, छगन भुजबळ दुसरे, आणि पांढऱ्यांची अनामत गेली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी पडली की पंचवीस हजार रुपये सरकारजमा होतात. सरकारी पैशाची गळती दाखवणाऱ्या माणसाने सरकारी तिजोरीत अशी भर घातली.

खरं तर नाशिकला तिसरा पक्ष चालतच नाही असंही म्हणता येत नाही. 2009 ला मनसेच्या उमेदवाराने समीर भुजबळांच्या तोंडाला फेस आणला होता. तो उमेदवार कोण? हेच हेमंत गोडसे. पुढे ते शिवसेनेत गेले आणि जिंकले, मनसे जागेवरच राहिली. आणखी मागे जायचं तर याच नाशिकने 1963 च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं होतं. तिसरा सोडा, दुसराही नव्हता! बेरजेच्या राजकारणात यापलीकडे बेरीज जात नाही. शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्या केशवराव जेध्यांनाही काही वर्षांत काँग्रेसमध्ये घरवापसी करावीशी वाटली, तिथे आपल्या नव्या, छोट्या पक्षाच्या तालुका संयोजकाची काय कथा.

छोट्या पक्षाचं घोडं अडतं ते विचारापाशी नाही, दहाव्यापाशी.

आमच्याकडे निवडणूक प्रचारसभेत जिंकत नाहीत, दशक्रिया विधीत जिंकतात. सकाळी नदीकाठी पिंडदान चाललेलं, कावळा शिवायची वाट, बाजूला मांडव, प्रवचन संपत आलेलं, आणि माइकवाला चिठ्ठी हातात घेऊन मान्यवरांची नावं पुकारतोय. एका सकाळी तीन गावांचे तीन दहावे करणारा नेता खरा. त्याच्या गाडीत यादी असते: मयताचं नाव, थोरल्या मुलाचं नाव, जावई कुठला, सोसायटीच्या निवडणुकीत घर कोणाबरोबर होतं. दीड मिनिट बोलायचं, ‘आधारवड हरपला’ म्हणायचं, थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि पुढची गाडी पकडायची. त्या हाताचं मूल्य जाहीरनाम्याच्या चाळीस पानांहून जास्त.

आपला संयोजक निवृत्त मास्तर, असं धरून चालू. कोणीतरी सांगितलं म्हणून तोही दहाव्याला जातो. माइक मिळतो. मास्तर प्रामाणिक. तो सांगतो की म्हातारबांना वेळेत उपचार मिळाले असते तर ते आज आपल्यात असते, प्राथमिक आरोग्य केंद्रातलं डॉक्टरचं पद रिकामं आहे, हा मृत्यू नैसर्गिक नसून धोरणात्मक आहे. अक्षर न् अक्षर खरं. मांडवात अशी शांतता पसरते की पिंडाजवळचा कावळासुद्धा थबकतो. थोरला मुलगा खाली बघतो, कारण दवाखान्यात न्यायला उशीर त्याच्याकडूनच झालेला असतो. बायकांच्या बाजूने कुजबूज होते. मग ‘तिकडचे’ उठतात, आधारवड हरपवतात, खांद्यावर हात ठेवतात, आणि मांडव मोकळा श्वास घेतो.

जेवणाच्या पंगतीत एक वयस्कर गृहस्थ मास्तरांच्या शेजारी बसतात. आपुलकीने विचारतात, “सर, बोललात ते बरोबर. पण तुम्ही कोणाचे?”

“आम्ही नवीन पक्ष काढलाय.”

“ते कळलं हो. पण तुम्हाला उभं कोणी केलंय? इकडच्यांनी का तिकडच्यांनी?”

यावर मास्तर विचारधारा समजावू लागतात. गृहस्थ भात कालवत ऐकून घेतात. ऐकून घेण्यात आमचा तालुका कुठे कमी पडत नाही.

मास्तरांनी मन लहान करू नये. इंग्लंडातही हेच झालं. 1981 साली मजूर पक्षातले चार बडे नेते बाहेर पडले, त्यांनी मधल्या रस्त्याच्या किंचित डावीकडचा नवा पक्ष काढला, लिबरलांशी युती केली आणि 1983 ला पंचवीस टक्के मतं घेतली. जागा मिळाल्या तेवीस. मजूर पक्षाला जेमतेम दोन-अडीच टक्के जास्त, आणि जागा दोनशे नऊ. सगळीकडे थोडं थोडं आवडणं म्हणजे कुठेच न जिंकणं, हे आमच्या जिल्ह्यात सुरगाण्याचे जे. पी. गावित न सांगता शिकवून गेले. लाल झेंडा त्यांनी राज्यभर फडकवायची घाई केली नाही, एका डोंगरात पक्का रोवला आणि तिथून पुन्हा पुन्हा विधानसभा गाठली.

तरीही मी छोट्या पक्षाला कवडीमोल समजत नाही, आणि याला कारण 2019. त्या वर्षी सिन्नरचा आमदार दोन हजारांच्या आसपास मतांनी ठरला. दोन हजार! एवढी मतं तर मास्तरांचे माजी विद्यार्थीच देतील. तेव्हा 2029 चं भाकीत आजच लिहून ठेवतो. अर्ज भरायच्या आदल्या रात्री मास्तरांना दोन फोन येतील. कोणाचे, ते सांगत नाही, फोन करणारेही सांगणार नाहीत. दोघेही ‘सर’ म्हणतील. एक म्हणेल, तालुक्याला तुमच्यासारख्या विचारवंताची गरज आहे, उभे राहाच. दुसरा म्हणेल, तालुक्याला तुमच्यासारख्या विचारवंताची गरज आहे, पुढच्या वेळी बघू, आत्ता बसा, नगरपरिषदेत स्वीकृत सदस्य म्हणून घेऊ.

मास्तर दोघांनाही बिडी कामगारांच्या मजुरीचं विचारतील. दोघेही म्हणतील, सर, मजुरीचं तुम्ही म्हणाल ते आमच्या जाहीरनाम्यात टाकू, फक्त उद्या तीनच्या आत काय ते कळवा.