ओरिजनलभाऊ

आमच्या हिंगणघाटात नवी वस्तू घेतली की पेढे वाटायच्या आधी ती भाऊंपुढे उलटी करावी लागते. सुलटी वस्तू भाऊ पाहतच नाहीत. मिक्सर असो, घड्याळ असो, जावयाला दिलेला मोबाईल असो, ते थेट बुडाशी जातात, चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचतात आणि "हं" म्हणतात. त्या "हं"ने एका सासऱ्याची झोप उडाल्याचं मी पाहिलंय. गावाने त्यांचं नाव कधीच बदलून टाकलं: ओरिजनलभाऊ.

भाऊंची हयात जिनिंगमध्ये गेली. मूठभर रुई उचलायची, अंगठ्यांत धरून तार ओढायची आणि लांबी किती, ओल किती, फरतड किती मिसळली ते सांगायचं. निवृत्तीनंतर बोटं मोकळी झाली, संशय मात्र कामावरच राहिला.

खरं म्हणजे हा मातीचाच गुण. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ या नावाने कापसाचा भाव निघे. एकदा नाव चाललं की पुढे काय होतं ते सांगायला नको. भलतीकडचा कापूसही हिंगणघाटचा म्हणून गाठोड्यात शिरू लागला. कापसातली भेसळ एकूणच इतकी माजली होती की 1863 मध्ये मुंबई सरकारने त्यातल्या लबाडीविरुद्ध कायदाच केला. म्हणजे ज्या गावाच्या नावाचाच डुप्लिकेट निघाला, त्या गावात भाऊ जन्माला आले.

तर माझा पुतण्या. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याने नागपूरहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. तोंडावर सोनेरी अक्षरांत ‘गिब्सन’.

"कितीले पडली?" भाऊ.

"पंचवीस हजाराले."

"मंग डुप्लिकेट."

"वाजवून दाखवू का जी?"

"वाजवू नको बे. उलटी कर."

भाऊंना सा आणि रे यांतला फरक कळत नाही, पण महिनाभरात त्यांनी अमेरिकेतल्या गिटारींची सगळी कुंडली पाठ केली. 1977 पासून गिब्सनवर आठ आकडी नंबर येऊ लागला. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस, शेवटचे तीन म्हणजे त्या दिवशीचा क्रम. तो पाचशेच्या पुढे गेला तर माल नॅशव्हिलच्या कारखान्याचा. पुतण्याच्या गिटारीवर होतं 83994512.

"1984 सालचा तीनशे नव्व्याण्णवावा दिवस!" भाऊ खुर्चीतून उठलेच. "अधिक महिना धरला तरी वर्ष 385च्या पुढं जात नाही बापू!"

शिवाय मानेच्या टोकावरच्या छोट्या झाकणाला तीन स्क्रू होते. खऱ्या गिब्सनला दोन असतात. पुतण्याचा चेहरा उतरला. भाऊंचा इतका उजळला की काकूंनी न सांगता चहा टाकला.

नंबर खोटा निघाला तर भाऊ खूश असतात. पंचाईत होते ती तो खरा निघाल्यावर. "नंबर बरोबर आहे? मंग तर जास्तच गडबड. चोर काय चुकीचा नंबर टाकन?" एका हौशी डॉक्टरांकडे मुलाने अमेरिकेहून आणलेली 1965ची फेंडर होती. तिचा एलपासून सुरू होणारा नंबर मागच्या पत्र्यावर, आणि पत्रा चार स्क्रूंवर. स्क्रू काढले की पत्रा हातात, दुसऱ्या गिटारीला लावायला मोकळा. कारखान्यातसुद्धा हे पत्रे क्रमाने लागत नसत, हाताला येईल तो बसवत. तेव्हा भाऊंनी फर्मावलं, पोटात पाहा. आत आवाजाच्या बटणाखालच्या भागावर 137 6512 असा शिक्का निघाला: 137 हा बनवणाऱ्या कंपनीचा संकेत, 65 साल, बारावा आठवडा. सगळं जुळलं. गिटार शंभर टक्के ओरिजनल ठरली. फक्त परत बंद केल्यावर वाजेना. भाऊंच्या मते हा मुद्दा वेगळा.

हातानं एकेक गिटार घडवणाऱ्या कारागिरांची भाऊंना सगळ्यात चीड. तिथे नंबर कारागिराच्या वहीत, वही त्याच्या फडताळात. सात नंबरच्या आधी खरंच सहा झाल्या, की बुवाला सातचा आकडा शुभ वाटला, कोणाला विचारायचं? मागे भाऊ लग्नाला मिरजेला गेले तेव्हा सतारमेकर गल्लीत शिरून एका तंबोऱ्याचा भोपळा त्यांनी उलटा केला. कारागीर शांतपणे म्हणाले, "आमचं काम लोक ऐकून ओळखतात." हे उत्तर भाऊंना अजून पचलेलं नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपर माझ्यापुढे आपटून म्हणाले, "पाय, आले ना आता लाइनीवर!"

पाहुणे आले की भाऊ त्यांना लॅम्बटनच्या कबरीवर नेतात. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट घेऊन दक्षिणेकडून देश मोजत आलेला हा विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी आमच्या गावी वारला. अचूकपणाचं एवढं मोठं दैवत गावात असल्याचा भाऊंना कोण अभिमान! परवा पुतण्याही सोबत होता. गिटारीचा राग त्याच्या मनात होताच. त्याने कुठेतरी वाचलेलं सोडून दिलं, की लॅम्बटनच्या जन्माचं साल कोणी 1753 सांगतं, कोणी 1756.

भाऊ कबरीकडे बघत राहिले. "कागदपत्रं नसतीन," एवढंच म्हणाले.

"तुमची जन्मतारीख काय जी, भाऊ?"

"एक जून."

शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. भाऊंच्या वर्गातली निम्मी पोरं त्याच दिवशी जन्मली आहेत.