लोकल कशी मागावी? पुण्याच्या पासधारकांसाठी मार्गदर्शन

प्रवासी संघ काढायचा तर आधी लेटरहेड छापून घ्यावं. प्रवासी मागाहून मिळतात. लेटरहेडवर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार एवढी नावं हवीतच. खजिना नसला तरी चालेल, खजिनदार असावा. उद्या संघ फुटला तर तो हिशेबावरून फुटावा. तत्त्वावरून फुटला की दोन्ही बाजूंना वर्तमानपत्रात पत्रं लिहीत बसावं लागतं. फुटीची धास्ती मात्र घेऊ नये. दौंडवाले आणि लोणावळावाले वेगळे होणारच. आपल्या स्टेशनावर थांबा मागणारे आणि आपलं स्टेशन सोडून कुठेच थांबू नये म्हणणारेही वेगळे होणार, आणि हे दोघे बहुधा एकाच घरात निघतात. दोन संघ झाले की निवेदनंही दोन जातात.

निवेदनाच्या बाबतीत आपल्याला थोर वारसा आहे. २ एप्रिल १८७० रोजी याच शहरात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि सरकारकडे रीतसर अर्ज करण्याची विद्या पुण्यात रुजली. ज्यांना पुणं सार्वजनिक काका म्हणे त्या गणेश वासुदेव जोशींच्या या सभेत एक खडतर अट होती. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. पहिल्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशी सहा हजार माणसं होती. आपल्या संघाच्या घटनेत ही अट चुकूनही घालू नये. घातली तर कार्यकारिणीची पहिली सभा कोरमअभावी तहकूब होईल.

निवेदन डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या ऑफिसात द्यावं. देताना कागद सर्वांच्या हाताला लागेल असा आडवा धरावा, म्हणजे फोटोत कुणी सुटत नाही. मग आवक विभागात जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यावा. या शिक्क्याला पोहोच म्हणतात आणि बहुतेक लढे इथेच यशस्वी होतात. यानंतर आलंच तर उत्तर येतं. दुपारच्या लोकल वाढवा म्हटलं की ‘त्या वेळी रुळांच्या देखभालीचा ब्लॉक असतो’, आणि ब्लॉकची वेळ बदला म्हटलं की ‘त्या वेळी प्रवासी कमी असतात’. गाडीच नसलेल्या वेळी प्रवासी कमी का असतात, हा प्रश्न उर्मटपणाचा मानला जातो. तो विचारू नये.

मागणी लिहिताना मात्र कमालीची काळजी हवी. इथे दौंडकडच्या मंडळींचा अनुभव जरा सविस्तर पाहायला हवा. पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण झालं की लोणावळ्यासारखी लोकल हडपसर, लोणी, उरुळी, यवत, केडगाव करत दौंडला जाईल, असा साधा हिशेब होता. खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या. मार्च २०१७ मध्ये गाडीही आली. ती निघाली डेमू, म्हणजे डिझेलवर धावणारी. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आणि तिच्याखालून धूर सोडत जाणारी गाडी. यामागचं कारणही चोख होतं. लोकलच्या डब्याचं दार उंचावर असतं, आणि वाटेतल्या स्टेशनांचे फलाट बुटके. शिवाय हा मार्ग उपनगरी म्हणून नोंदलेला नाही. थोडक्यात, लोकांनी तार मागितली, ती मिळाली. फलाटाची उंची मागायची राहून गेली! म्हणून नव्या कार्यकर्त्यांनी तार, फलाट, रेक, तो उभा करायला सायडिंग, मोटरमन आणि उपनगरी दर्जा हे सगळं वेगवेगळ्या परिच्छेदांत मागावं. प्रत्येक परिच्छेदाला वेगळ्या खात्याकडून नकार येतो आणि फाइल भरदार दिसते.

प्रत्येक संघात मवाळांबरोबर एक जहाल गटही असतो. हा गट दर पावसाळ्यात रेल रोकोचा ठराव मांडतो. त्यांना रेल्वे कायद्याचं कलम १७४ वाचून दाखवावं: गाडी अडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही ऐकलं नाही तर व्यवहारातली अडचण सांगावी. आपण रोखायला जाऊ तेव्हा लोकल बहुतेक आधीच थांबलेली असते, कारण मागून येणारी एक्स्प्रेस पुढे काढायची असते. थांबलेली गाडी रोखणं आंदोलनाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही.

गाड्यांचे वाढदिवस मात्र साजरे करावेत. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा वाढदिवस पुणे स्टेशनवर केक कापून होतो, आणि जिचा वाढदिवस होतो त्या गाडीला हात लावायचं धाडस कुणाला होत नाही. पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ ला सुरू झाली. तिचा केक कापल्याचं कुणी ऐकलंय? कापलाच तर तो दापोडी किंवा कासारवाडीला कापावा. पुणे स्टेशनवर राणीच्या माहेरची माणसं नाकं मुरडतील.

इथवरचं मार्गदर्शन काटेकोर पाळलं तर संघ पंचवीस वर्षं सहज चालतो. रौप्यमहोत्सवाला स्मरणिका निघते, तिला जाहिराती मिळतात. लोकल मिळायची असेल तर मात्र वेगळं आणि फार रटाळ काम करावं लागतं, म्हणून ते शेवटी ठेवलं आहे.

पुण्याहून लोणावळ्याला रूळ दोनच आहेत, एक जायचा, एक यायचा. त्यांच्यावरूनच मुंबईच्या एक्स्प्रेस, लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल जातात. ‘फेऱ्या वाढवा’ असं कितीही निवेदनांत लिहिलं तरी त्या वाढवायला रुळावर जागा हवी. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: तिसरी आणि चौथी मार्गिका. त्यांची चर्चा वर्षानुवर्षं चालली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५,१०० कोटींच्या या कामाला मान्यता दिली. यात मेख अशी की खर्च एकट्या रेल्वेचा नाही. राज्याच्या वाट्याला येणाऱ्या निम्म्या खर्चाला पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांनाही हातभार लावायचा आहे. आजवर आपण ज्यांच्या दारात उभे राहिलो ते डीआरएम साहेब या पैशांबाबत काही करू शकत नाहीत. ज्यांनी करायचं त्यांच्याकडे आपलं एकही निवेदन गेलेलं नसतं, कारण तिथे रेल्वेचा फलक नाही.

तेव्हा यंदा एक फोटो कमी काढा. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळवा आणि त्यात तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसाठी किती तरतूद आहे ते शोधा. सापडली नाही तर माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. मग तो आकडा घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा, आणि जाताना आपल्याच डब्यातल्या पन्नास पासधारकांच्या सह्या बरोबर न्या. पोहोच मागू नका, उत्तर मागा.