बैठक

उघड्या टपाची गाडी घ्यावी असं माणसाला आयुष्यात दोनदा वाटतं. पंचविशीत वाटतं तेव्हा खिशात पैसे नसतात आणि पंचावन्नला वाटतं तेव्हा कंबर साथ देत नाही. पहिला गट मुकाट्याने सेकंडहँड करोला घेतो. दुसरा गट शनिवारी सकाळी शोरूममध्ये येतो आणि गाडीत बसून बघतो. नुसता बसून बघतो.

आमचा भाऊ या दुसऱ्या गटाचा तहहयात अध्यक्ष शोभेल. पुण्यातून कॅलिफोर्नियात आला, फ्रीमाँटला घर घेतलं, आयुष्यभर चिपांची टेस्टिंग केली. धाकटी लेक सॅन डिएगोला कॉलेजात गेली आणि दारातली टोयोटा सिएन्ना एकाएकी रिकाम्या धर्मशाळेसारखी भासू लागली. याच सिएन्नातून भाऊने दोन्हीकडच्या आईवडिलांना ग्रँड कॅन्यन दाखवलं होतं, मंडळाच्या गणपतीची आरास वाहिली होती. "आता फक्त दोन सीट," तो म्हणाला. "एक माझी, एक हिची. वर आकाश."

वहिनी म्हणाल्या, "आणि तुमच्या कमरेतले एल-फोर, एल-फाइव्ह मणके कुठे बसणार?"

भाऊ जातीने निवडणारा. घेणाऱ्यांची जात वेगळी. ते दुकानात जातात, वस्तू आणतात आणि सुखाने पस्तावतात. निवडणाऱ्याचं सगळं सुख बिलाच्या अलीकडे असतं. गादी घ्यायची होती तेव्हा हा दुकानात उताणा, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या कुशीवर असा पडून राहिला होता. शेवटी तो घोरायला लागला, तेव्हा सेल्समनला हायसं वाटलं. गादी मात्र त्याने पुढच्या दिवाळीच्या सेलला घेतली, तीही वहिनींनी कार्ड पुढे केलं म्हणून.

गाडीसाठी त्याने एक्सेल शीट केली. त्यात हॉर्सपॉवरचा रकाना नव्हता. कमरेचा आधार, मांडीखालचा आधार, खांद्याची जागा, डोकं काचेच्या चौकटीला लागतं का, असे रकाने होते. शेवटचा रकाना माझ्या मते मोटार-संशोधनात नोबेलच्या तोडीचा. त्याचं शीर्षक होतं, 'उतरताना तोंडातून निघालेला आवाज'. त्याच्या पायऱ्या अशा: काही नाही, 'हुश्श', 'अगं आई गं', आणि सर्वांत वाईट म्हणजे सेल्समनचा हात.

सुरुवात अर्थातच माझदा मिआटापासून. या गाडीची कल्पना 1979 साली बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या साहेबांपुढे मांडली, म्हणे जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी हलकी, उघडी, पण न बिघडणारी गाडी काढा. 1989 साली ती शिकागोच्या प्रदर्शनात आली आणि 2016 साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटच्या खेळकर गाड्यांत एवढा खप दुसऱ्या कुणाचा नाही. भाऊला हे सगळं पाठ. त्याला पाठ नव्हतं एवढंच, की गाडी हजार-अकराशे किलोंच्या आत ठेवायची तर वजन कुठून तरी कमी करावं लागतं आणि त्यात सीटही सुटत नाही. नव्या मिआटाच्या सीटमध्ये नेहमीच्या स्प्रिंगांऐवजी ताणलेली जाळी आहे. भाऊ त्यात उतरला. 'बसला' हे क्रियापद इथे चालणार नाही. माणूस विहिरीत उतरतो तसाच या गाडीत उतरतो. मग टाळू आणि चौकट यांत किती बोटं उरतात ते त्याने मोजलं. मिआटाची उंच भक्तमंडळी सीटचं कव्हर उसवून आतला फोम सुरीने कापून काढतात, अशी मौलिक माहितीही त्याने पुरवली. "म्हणजे सीट आरामशीर करायला सीटच काढायची?" मी विचारलं. "थोडीशी," तो म्हणाला. रकान्यात 'अगं आई गं' नोंदलं गेलं.

मग जुनी होंडा एस 2000. नऊ हजार आरपीएमपर्यंत ओरडणारं इंजिन, पण स्टीअरिंग ना वर जातं ना खाली. भाऊचे गुडघे आणि स्टीअरिंग यांच्यात वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. मग पोर्शे बॉक्स्टर. सीट उत्तम, जर्मन शिस्तीची; पण जुन्या बॉक्स्टरच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं, ते गेलं तर इंजिनच जातं, हे भाऊने वाचलेलं. त्यानंतर त्या गाडीत बसताना तो पाठीऐवजी कानानेच बसायचा. मर्सिडीज एसएलकेत तर 2004 पासून डोकं टेकायच्या जागेतून मानेवर गरम हवा सोडायची सोय होती. जर्मनांनी मफलर शोधला, आणि त्याचे पैसे लावले! भाऊ स्वेटर आणि कानटोपी घालूनच टेस्ट ड्राइव्हला जायचा. जुलैत हाफ मून बेच्या किनाऱ्यावर जे धुकं उतरतं, त्यात टप उघडलेल्या गाडीत कानटोपी घातलेला मराठी माणूस हाच तेवढा शहाणा दिसतो, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता त्याची बाजूही मांडली पाहिजे, कारण मुद्दा खोटा नाही. बुटक्या गाडीत पाय पुढे पसरावे लागतात. पाय पसरले की मांडीमागचे स्नायू ताणतात, ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. अल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश अस्थितज्ज्ञाने 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. पाठीला आधार न देता बसलं तर उभं राहण्यापेक्षा चकतीवर जास्त दाब येतो, असं त्याच्या मोजमापात दिसलं. हा माणूस गॉथेनबर्गचा. व्होल्वोचं गावही तेच. "म्हणून तर," भाऊ बोट उंचावून म्हणायचा, "1965 सालीच व्होल्वोने ड्रायव्हरच्या कमरेला आधार दिला. बाकीचे तोवर गाड्यांना शेपट्या लावत होते."

यातूनच भाऊचा प्रसिद्ध प्रयोग निघाला. टेस्ट ड्राइव्ह मिळते दहा मिनिटांची आणि पाठ बोलायला लागते चाळिसाव्या मिनिटाला. मऊ सीट दुकानात लाडात घेते आणि रस्त्यावर दगा देते, कडक सीटचं उलट. त्यामुळे फ्रीमाँटच्या ऑटो मॉल पार्कवेवरच्या एका शोरूममध्ये भाऊने विचारलं, "मी इथे पाऊण तास नुसता बसू का?" सेल्समन तरुण होता, हो म्हणाला. भाऊने टप उघडून घेतला, मोबाइलवर टायमर लावला आणि पिशवीतून दशम्या आणि चटणीची डबी काढली. वातानुकूलित शोरूममध्ये लसणीचा वास पसरला. एक चिनी कुटुंब फोटो काढून गेलं. मॅनेजर दोनदा येऊन 'सगळं ठीक ना?' विचारून गेला. दुसऱ्यांदा त्याला दशमी मिळाली. अडतिसाव्या मिनिटाला भाऊ म्हणाला, "आली कळ. पण डावीकडे." हे त्याने इतक्या समाधानाने सांगितलं, की कळ आली नसती तर त्याला वाईट वाटलं असतं, अशी माझी खात्री झाली.

सर्वोत्तम सीट अखेर सापडली: साब 9-3 कन्व्हर्टिबल. पाऊण तास, सव्वा तास, रकान्यात 'काही नाही'. भाऊचे डोळे पाणावले. फक्त साब मोटार कंपनी 2011च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली होती. "सुटे भाग मिळतील हो," भाऊ म्हणाला, पण चेहरा पडला होता. मला वाटतं, तो पडला नव्हता, उजळला होता. परिपूर्ण आणि न घेण्याजोगी, अशी वस्तू निवडणाऱ्याला रोज भेटत नाही.

वहिनी एका शनिवारी सोबत आल्या, कारण त्यांना तिथूनच किराणा घ्यायचा होता. भाऊ सेल्समनला मांडीखालच्या फोमची जाडी विचारत असताना त्या सहज लाल मिआटात बसल्या. उंची पाच फूट एक इंच. डोकं, गुडघे, सगळं जिथल्या तिथे. गाडी गिअरची होती. वहिनी पुण्यात मारुती 800 वर शिकलेल्या. डावा पाय क्लच विसरला नव्हता. एक चक्कर मारून आल्या आणि उतरल्या. तोंडातून आवाज नाही.

"अहो, कार्ड द्या," त्या म्हणाल्या.

भाऊने शेजारच्या सीटवर बसून पाहिलं. तिथे पायापाशी फरशीला उंचवटा आहे आणि सीट वर-खाली होत नाही. शिवाय डिकी जेमतेम 130 लिटरची; दोघांचं जेवण, चटया, पाठीची उशी आणि गरम पाण्याची पिशवी त्यात जाणं अशक्य.

तेव्हा आता रविवारी व्यवस्था अशी असते. पुढे लाल मिआटा, टप उघडा, वहिनी आणि मंडळातली एक मैत्रीण, वुडसाइडवरून स्कायलाइनच्या वळणांवर. मागे सिएन्ना, सामानासकट. तिचा कमरेचा आधार बटणावर पुढे येतो, सीट उंच, पाय खाली, बाक शाबूत. भाऊ म्हणतो, या सगळ्या शोधात इतकी चांगली सीट त्याला कुठेच मिळाली नाही. आणि दर दुसऱ्या वळणाला पुढच्या गाडीत फोन वाजतो, "अगं, इंडिकेटर दे! आणि पुढे धुकं दिसतंय, कानाला काहीतरी बांध."